सहा रेघांचा धनी

दूध संघाच्या प्रक्रिया विभागात पाश्चरायझरच्या शेजारी स्टीलचं पॅनेल उभं असतं. त्यावर बटणं, दिवे, एक कंट्रोलर आणि साधारण छातीच्या उंचीवर १४४ मिलिमीटर लांबी-रुंदीचा एक चौकोनी चेहरा. हा रेकॉर्डर. याच्या पोटात कागद नाही, शाई नाही, पेन नाही. तरी जुने ऑपरेटर याला अजून ‘चार्ट’च म्हणतात. “चार्ट बघून सांग रे, किती वाजता डायव्हर्ट झालं,” अशी हाक आली की नवा पोरगा हात पुसत याच्यासमोर येऊन उभा राहतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या दूध संघांमधून मी इन्स्ट्रुमेंटची कामं करत आलो आहे. पॅनेलवरच्या सगळ्या मंडळींत माझा जीव याच्यावर जास्त. कंट्रोलर हुकूम सोडतो, वाफेचा व्हॉल्व्ह तो पाळतो, पंप दूध ढकलतो. रेकॉर्डर यातलं काहीच करत नाही. तो बघतो आणि लिहितो. त्याला बंद ठेवलं तरी दूध तापेल, निवेल आणि पिशव्यांत भरलं जाईल. म्हणूनच नवा प्लॅन्ट उभा राहतो तेव्हा त्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते. पॅनेल बनवणारा वायरी जोडून देतो, पडद्यावर सहा आकडे दिसतात, कागदावर सही होते, आणि हा ज्या मूळ सेटिंगवर खोक्यातून बाहेर आला त्याच सेटिंगवर वर्षानुवर्षं राबतो. मला ते बघवत नाही. चांगल्या कारागिराला हातात हत्यार न देता कामावर उभं करण्यासारखा हा अन्याय आहे, असं मी प्रत्येक प्लॅन्ट मॅनेजरला सांगतो.

आधी त्याच्या कानावर काय काय पडतं ते बघू. आमच्या या रेकॉर्डरला सहा चॅनेल. पहिल्यावर होल्डिंग ट्यूबच्या, म्हणजे तापलेलं दूध ठरलेला वेळ ज्या नळीतून वाहतं तिच्या, शेवटाला दुधाचं तापमान. ही सगळ्यांत मोलाची रेघ. दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद राहिलं पाहिजे, हा पाश्चरायझेशनचा पाया. दुसरा जुना मार्ग ६३ अंशांना अर्धा तास. चालू प्लॅन्टमध्ये आम्ही ७२ वर रेटत बसत नाही, सत्त्याहत्तरच्या आसपास ठेवतो. दूध ठरलेल्या तापमानाखाली गेलं की होल्डिंग ट्यूबच्या टोकाचा डायव्हर्शन व्हॉल्व्ह ते पुढे न सोडता मागे बॅलन्स टँकमध्ये परत पाठवतो. दुसऱ्या चॅनेलवर दूध तापवणारं गरम पाणी. तिसऱ्यावर चिलिंगमधून बाहेर पडणारं दूध, ते चार अंशांच्या आसपास हवं. चौथ्यावर ताशी लिटरचा प्रवाह. पाचव्यावर दूध तापवणाऱ्या-निववणाऱ्या प्लेटांच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक. सहाव्यावर तो डायव्हर्शन व्हॉल्व्ह पुढे आहे की मागे, एवढंच.

याला तापमान असं काही थेट कळत नाही. त्याला कळतो तो प्लॅटिनमच्या बारीक तारेचा रोध. शून्य अंशाला १०० ओहम, ७२ अंशांना १२७.८४ ओहम. दरवर्षी कॅलिब्रेशनला आम्ही सेन्सर सोडवून त्याच्या जागी रोधपेटी लावतो, पेटीवर १२७.८४ जुळवतो आणि पडद्यावर ७२.० येतं का बघतो. तो आकडा तिथे उमटला की मला दर वेळी बरं वाटतं. मग सेन्सरची परीक्षा वेगळी, पाण्याच्या बाथमध्ये प्रमाणित तापमापीच्या शेजारी बुडवून. अमेरिकेतल्या दूध-नियमावलीत एक जुनी अट आहे: नोंद करणाऱ्या यंत्राने शेजारच्या दर्शक तापमापीपेक्षा जास्त तापमान कधी दाखवू नये. कमी दाखवलं तर फार तर चांगलं दूध परत फिरेल. जास्त दाखवलं तर कच्चं दूध पुढे जाईल. चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूला चुकायचं, हे त्या अटीने ठरवून टाकलं आहे, आणि मी इथेही तीच पाळतो.

तो दर सेकंदाला सहाही चॅनेल टिपून घेतो. तासाला ३,६०० नोंदी, दिवसाला ८६,४००. सहा चॅनेलच्या मिळून पाच लाख अठरा हजार चारशे. आणि पडदा केवढा, तर आडवे ३२० ठिपके आणि उभे २४०. एवढं सगळं त्यावर मावणं शक्यच नाही. त्यामुळे काय दाखवायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते रेकॉर्डर ठरवत नाही. ट्रेंडची मांडणी करणारा माणूस ठरवतो. रेकॉर्डर विसरत काहीच नाही, पण रात्री तीन वाजता पाळीवरच्या माणसाला तो तेवढंच दाखवतो जेवढं दाखवायला त्याला शिकवलेलं असतं. माझ्या मते पॅनेलवरच्या सगळ्या कामांत याहून जोखमीचं काम नाही, आणि सगळ्यांत कमी वेळ याच कामाला दिला जातो.

एका संघात घडलेली गोष्ट सांगतो. रेकॉर्डर मूळ सेटिंगवरच होता. स्केल शून्य ते दोनशे अंश, आडव्या अक्षावर एका घराला एक तास, सहाही रेघा एकाच गटात. मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो. पाळीवरचे ऑपरेटर वयाने मोठे, हात सवयीने तरबेज. त्यांनी मला पॅनेलपाशी नेलं.

“साहेब, दुधाची रेघ सरळ हाय, पर जाड हाय.”

“जाड म्हणजे, दादा?”

“ह्या बघा की. थंड दुधाची बारीक हाय. दाबाची बारीक हाय. दुधाची जाड, आन् गरम पाण्याची तर त्याहून जाड. सगळ्या एकाच जाडीच्या पाहिजेत का न्हाई?”

सगळ्या एकाच जाडीच्या असायला हव्यात, हे त्यांचं अगदी खरं होतं. या यंत्रात आडव्या अक्षावरच्या एका घरात ३० ठिपके असतात. एका घराला एक तास दिला की एका ठिपक्याच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. त्या दोन मिनिटांतल्या १२० नोंदींपैकी कुठली दाखवायची? हा रेकॉर्डर इथे फार सचोटीने वागतो. तो सरासरी काढत नाही, शेवटची नोंदही उचलत नाही. त्या दोन मिनिटांतली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लहान अशा दोन्ही नोंदी ठेवतो आणि त्या दोहोंमध्ये उभी रेघ ओढतो. दूध खरंच स्थिर असेल तर ही उभी रेघ ठिपक्याएवढीच राहते. दूध वरखाली होत असेल तर ती लांबते, आणि अशा उभ्या रेघा एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या की लांबून बघणाऱ्याला एकच जाड रेघ दिसते. शून्य ते दोनशेच्या स्केलवर तीन अंशांचा फरक म्हणजे उंचीच्या दीड टक्का. त्या पडद्यावर मिलिमीटरभर. दादांना तो मिलिमीटर दिसला होता.

आम्ही नोंद थांबवली (ती चालू असताना हा रेंज बदलू देत नाही, आणि ते योग्यच आहे), स्केल ६५ ते ८५ केलं, एका घराला एक मिनिट दिलं, आणि नोंद पुन्हा सुरू केली. आता एका ठिपक्याला दोन सेकंद. पाचेक मिनिटांत रेघ उलगडली. ७६ वरून ७९, ७९ वरून पुन्हा ७६, दर चाळीस सेकंदांना एक हेलकावा, एकासारखा दुसरा. गरम पाण्याची रेघ तिच्या जरा पुढे राहून त्याच तालात हलत होती, मोठ्या हेलकाव्याने. दूध सुरक्षितच होतं, ७२ च्या जवळपासही गेलं नव्हतं. पण दर हेलकाव्याला पाणी गरजेपेक्षा जास्त तापत होतं, प्लेटांवर दुधाचा थर लवकर चढत होता, आणि कच्चं दूध जरा जास्त गार आलं की तळ तेवढाच खाली सरकणार होता.

कंट्रोलर मॅन्युअलला टाकल्यावर हेलकावा मिटला. म्हणजे दोष पाण्यात नव्हता, बॉयलरमध्येही नव्हता. कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांच्या देवाणघेवाणीत होता. मग मॅन्युअलवरच व्हॉल्व्हचा सिग्नल अर्धा-अर्धा टक्का वाढवत गेलो. स्टेम हलेना. हलेना, हलेना, आणि मग एकदम उडी मारून पुढे गेला. ग्लँड पॅकिंग कुणीतरी वाफेची गळती थांबवायला गच्च आवळलं होतं. पॅकिंग बदललं, बेताने आवळलं, कंट्रोलर ऑटोला टाकला. रेघ सरळ झाली. स्केल ६५ ते ८५ चं असतानाही सरळ राहिली. शून्य ते दोनशेवर सरळ दिसण्यात काही विशेष नाही. त्या स्केलवर बहुतेक सगळंच सरळ दिसतं.

त्यानंतर मी त्या रेकॉर्डरची मांडणी पहिल्यापासून केली, आणि तेव्हा ठरवलेलं बरंचसं आजही प्रत्येक संघात तसंच ठेवतो. स्केल नुसतं ६५ ते ८५ ठेवून भागत नाही. सकाळी प्लॅन्ट सुरू होताना पाणी तीसेक अंशांपासून वर चढतं. सीआयपीच्या, म्हणजे प्लॅन्ट न उघडता आतून धुण्याच्या, वेळी कॉस्टिक ऐंशीच्या घरात, अ‍ॅसिड त्याहून कमी, मध्ये साधं पाणी. ते सगळं पडद्याच्या तळाला चिकटून राहिलं तर धुलाई नीट झाली की नाही हे कुणाला कळणार? यावर या यंत्रात एक सुरेख सोय आहे. स्केल शून्य ते नव्वद ठेवायचं, पण पडद्याच्या खालच्या पाव भागात शून्य ते ६५ दाबून बसवायचं आणि उरलेला पाऊण भाग ६५ ते ९० ला द्यायचा. खाली आख्ख्या दिवसाची हालचाल दिसते, वर दुधाचा एकेक अंश मोकळा होतो. ७२ ची मर्यादा मग तळापासून ४६ टक्क्यांवर येते. तिथे मी आडवी रेघ मारून ठेवतो, जाड. अलार्म वाजेल तेव्हा वाजेल. पण दूध त्या रेघेपासून किती वर आहे, हे लांबून चालत येणाऱ्यालाही दिसलं पाहिजे.

दूध आणि गरम पाणी एकाच गटात, आणि दोघांना एकच स्केल. हा नियम मी कधी मोडत नाही. दोन वेगळ्या स्केलवर या रेघा टाकल्या तर पाणी दुधाच्या खालीही दिसू शकतं, आणि नव्या ऑपरेटरच्या डोक्यात गोंधळ उडतो. एका स्केलवर असल्या की दोघांमधलं अंतरच बोलू लागतं. प्लेटांवर थर चढायला लागला की तेच दूध तेवढंच तापवायला पाणी जास्त गरम लागतं. सकाळी दोन अंशांचं असलेलं अंतर दुपारी वाढलेलं दिसलं की सीआयपी जवळ आली हे घड्याळ न बघता कळतं.

बाकीच्या रेघांना दुसरा गट. थंड दूध शून्य ते वीस अंश, प्रवाह शून्य ते बारा हजार लिटर, दाबाचा फरक. यांची एकमेकींशी तुलना नसते, म्हणून त्यांना एकमेकींवर चढू द्यायचं नाही. पडद्याची उंची वाटून प्रत्येकीला तिचा पट्टा. दाबाच्या पट्ट्यात शून्य मी मुद्दाम तळाशी ठेवत नाही; उणे अर्ध्या बारपासून सुरुवात करतो. पाश्चराइज्ड दुधाचा दाब कच्च्या दुधाच्या दाबापेक्षा नेहमी जास्त असला पाहिजे. मग एखाद्या प्लेटला बारीक भोक पडलं तरी गळती चांगल्या दुधाकडून कच्च्याकडे होते, उलट होत नाही. हा फरक उणेमध्ये गेला तर त्याहून गंभीर गोष्ट या पडद्यावर दुसरी कुठली नाही, आणि ती दाखवायला खाली जागाच ठेवली नसेल तर रेघ शून्यावर निमूट बसलेली दिसेल.

एका घराला किती वेळ द्यायचा, यावर मी बराच घोळ घातला. सगळ्यांना आख्खी पाळी एका नजरेत हवी असते, तासाचं घर म्हणूनच सगळीकडे आढळतं. मी पाच मिनिटांवर थांबलो. एका ठिपक्याला दहा सेकंद, म्हणजे चाळीस सेकंदांचा हेलकावाही चार ठिपक्यांत पकडला जातो, आणि पडद्यावर पाऊण-एक तास मावतो. आख्खी पाळी बघायची तर मागे सरकवून बघता येते. मघाच्या त्या अमेरिकी नियमावलीत गोल कागदाच्या चार्टसाठीही हे लिहून ठेवलं आहे, कागदाचा एक फेरा बारा तासांपेक्षा जास्त वेळ घेणार नाही. आठवडाभराचं तापमान एकाच कागदावर उमटवायची यंत्रं तेव्हाही होती. पण दुधाचं पाच मिनिटांचं डायव्हर्शन आठवड्याच्या कागदावर दिसणार नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं.

रंगांचं थोडक्यात सांगतो. लाल आणि हिरवी रेघ शेजारी ठेवू नये. हा फरक न दिसणारी माणसं पुरुषांत बरीच असतात आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. दूध लाल, पाणी निळं, थंड दूध पांढरं. पिवळी रेघ फिकट पार्श्वभूमीवर कधीच नको. खिडकीतून ऊन आलं की ती पहिली नाहीशी होते. रेकॉर्डरला देवनागरी येत नाही, टॅगची नावं इंग्रजी अक्षरांतच घालावी लागतात. त्यामुळे पडद्याच्या बाजूला पॅनेलवर पट्टी चिकटवलेली असते, ‘लाल – दूध, निळी – पाणी’, पेनाने लिहिलेली आणि वाफेने कडा सुटलेली. ती पट्टी मी दर भेटीला नवी लावून येतो.

आणखी एक सेटिंग आहे, जे बहुतेक वेळा कुणी उघडूनही बघत नाही. सेन्सरची तार तुटली तर रेघ वर जावी की खाली? तार तुटली की रोध बेसुमार वाढतो आणि यंत्राला तसंच सोडलं तर ते प्रचंड तापमान दाखवतं. दूध तापलंय असं वाटेल. मी ती दिशा खालची करतो. तार तुटली की रेघ सरळ तळाला, अलार्म चालू, आणि माणूस धावत येतो. पाहिजे ते तापमान मिळतंय असा खोटा दिलासा देणारी रेघ मला पॅनेलवर नको आहे.

याचं घराणं जुनं आहे आणि नामांकितही. आकडे रेघेत मांडण्याची युक्ती विल्यम प्लेफेअरने १७८६ साली पुस्तकात छापली, देशांच्या व्यापाराच्या रेघा. हा प्लेफेअर त्याआधी बर्मिंगहॅमला जेम्स वॅटच्या हाताखाली आराखडे काढण्याचं काम करत होता. त्याच वॅटचा दुसरा मदतनीस, जॉन सदर्न, याने १७९६ मध्ये वाफेच्या इंजिनाला पेन्सिल जोडली. सिलिंडरमधला दाब बदलेल तशी पेन्सिल कागदावर वर-खाली होई आणि इंजिन स्वतःच्या कामाचं चित्र स्वतःच काढी. बोल्टन-वॅट कंपनीने ती युक्ती बरीच वर्षं बाहेर फुटू दिली नाही. पुढे १८४७ मध्ये कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रक्तदाब उतरवला, आणि १८८९ मध्ये अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या वॉटरबरी गावी विल्यम ब्रिस्टलने दाबाची नोंद करणारं यंत्र विकायला कंपनी काढली. गोल कागद, घड्याळाचं यंत्र, शाईचा काटा. आपल्या दूध संघांमध्येही पुढे बरीच वर्षं तोच गोल कागद फिरत राहिला. कागद बदलण्याची वेळ, शाईने माखलेली बोटं, पावसाळ्यात ओल धरून पसरलेली रेघ, हे सगळं जुन्या माणसांना आठवतं.

या घराण्यात मला सगळ्यांत जवळची वाटणारी माणसं मात्र मुंबईतली आहेत, आणि त्यांच्याकडे यंत्राने ओढलेली रेघही नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेत १८५९ साली पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी डोळ्यांनी बघून वहीत लिहिल्या जात. एरवी तासाला एक नोंद. पण चुंबकसूची अस्वस्थ झाली की नोंद घेणारे पंधरा मिनिटांवर, आणि अगदी पाच मिनिटांवरही येत. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या स्फोटामागून आलेलं वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा त्यांनी तेच केलं. क्षैतिज चुंबकत्व साधारण १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलेलं त्यांच्या वहीत उतरलं. त्या वादळाचा जोर किती होता हे आज संशोधक ज्या मोजक्या नोंदींवरून सांगतात त्यांत कुलाब्याची वही अग्रभागी आहे. तासालाच नोंद घेत राहिले असते तर तो खड्डा दोन नोंदींमध्ये निसटूनही गेला असता. आमच्या रेकॉर्डरमध्ये आज ही सोय आहे: दूध ७३ च्या खाली आलं की तो आपणहून नोंदीचा वेग वाढवतो. ती सुरू करताना मला कुलाब्याची ती अनाम माणसं आठवतात. कंदिलाच्या उजेडात काय, दिवसाच्या काय, पाच-पाच मिनिटांनी सूचीवर डोळा लावून बसलेली.

वीज जाण्याच्या वेळी याचा स्वभाव दिसतो. जनरेटर चालू होईपर्यंतचे काही क्षण पॅनेल आंधळं असतं. वीज परत आल्यावर तो मधली जागा रिकामी ठेवतो आणि कधी बंद पडलो, कधी उठलो या दोन्ही वेळा लिहितो. आधीचं टोक आणि नंतरचं टोक जोडून टाकत नाही. आत नाण्याएवढी बॅटरी आहे, तिच्यावर घड्याळ चालू राहतं. हे घड्याळ मी दर भेटीला तपासतो, कारण लॅबच्या रजिस्टरमध्ये नमुन्याची वेळ भिंतीवरचं घड्याळ बघून लिहिलेली असते आणि दूध नीट पाश्चराइज झालं की नाही हे सांगणारी फॉस्फटेजची चाचणी बिघडली तर पहिला प्रश्न हाच येतो: त्या वेळी रेघ कुठे होती? दोन घड्याळांत सात-आठ मिनिटांचं अंतर असलं की दोन्ही नोंदी खऱ्या असूनही एकमेकींना खोटं पाडतात.

आता संघांमध्ये संगणकावर स्काडा आली आहे. मोठ्या पडद्यावर दुधाच्या पाइपांची रंगीत चित्रं, साहेबांच्या केबिनमध्ये बसून सगळं दिसतं. “आता हा डबा कशाला?” असं मला विचारलं जातं. मी एवढंच सांगतो की स्काडात जागा वाचवायला बऱ्याच ठिकाणी बदल अर्ध्या अंशाहून मोठा असेल तरच नोंद घ्यायची, असं सेटिंग असतं. मधलं सगळं गाळून दोन बिंदू सरळ रेघेने जोडले जातात. ते सेटिंग बदलता येतं, बदलायलाही हवं. पण संगणक बदलतो, सर्व्हर बसतो, पासवर्ड कुणा एकालाच ठाऊक असतो. पॅनेलवरचा चौकोन दुधापासून चार हातांवर असतो आणि ज्याचे हात ओले आहेत त्याला तो दिसतो. त्याला काढू नका, असं मी आग्रहाने सांगतो आणि अजून तरी माझं ऐकलं गेलं आहे.

मागच्या खेपेला त्या जाड रेघवाल्या दादांनी नवी मागणी ठेवली. रोज पहाटे सहाच्या सुमाराला पाण्याची रेघ अर्धा-पाऊण अंश खाली बसते आणि मग सावरते. त्यांचा अंदाज, क्रेट धुण्याचं यंत्र त्याच वेळी सुरू होतं आणि वाफ तिकडे ओढली जाते. “वाफेचा दाब बी ह्याच्यात दिसला पाहिजे, साहेब. मग बॉयलरवाल्याला दाखवता येईल.” चॅनेल तर सहाही भरलेले. शेवटी डायव्हर्शन व्हॉल्व्हची पुढे-मागे स्थिती आम्ही चॅनेलवरून काढून डिजिटल इनपुटवर नेली. आता व्हॉल्व्ह फिरला की वेळेसकट एक खूण पडते, तेवढी पुरते. मोकळ्या झालेल्या सहाव्या चॅनेलवर वाफेच्या मुख्य पाइपाचा ट्रान्समीटर जोडला, चार ते वीस मिलिअँपिअर म्हणजे शून्य ते दहा बार. पहिल्या गटात, दूध-पाण्याच्या खाली, तपकिरी रंगात. दादांनी पट्टीवर तिसरी ओळ लिहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बॉयलरवाल्याला पॅनेलपाशी बोलावलं आहे असं मला सांगितलं.